तुझ्याकडे एक रात्र

गेल्या रविवारी मामेभावाने घरच्या ग्रुपवर एक्सेलचा तक्ता टाकला आणि तेव्हापासून तिथे रणधुमाळी चालू आहे. युरोप, १२ रात्री, ५ देश, ७ गावं. पॅरिस ३, ॲमस्टरडॅम २, कोलोन १, फ्रायबुर्ग १, ल्युसर्न २, व्हेनिस १, रोम २. फ्रायबुर्गच्या ओळीत शेवटच्या रकान्यात लिहिलंय, ‘ताईकडे, हॉटेल नको’.

ती ताई मी, जर्मनीतल्या फ्रायबुर्गला राहणारी.

दहा मिनिटांत मावसबहिणीचा टोला आला. ‘ही सहल आहे की पोस्टमनची फेरी?’ तिचं म्हणणं, एका गावात निदान आठवडा राहिल्याशिवाय ते गाव पाहिलं असं म्हणूच नये. दोन आठवड्यांत दोन गावं, बस. धावतपळत फोटो काढत फिरणं हा त्या गावांचा अपमान आहे. भावाने विचारलं, आठवडाभर एका गावात बसून करू काय? आणि मग मामाने, जो एरवी ग्रुपवर फक्त शुभ सकाळ पाठवतो, लिहिलं, ‘मी ७१ वर्षांचा आहे. पुन्हा कोण येणार आहे? एकदाच जायचं तर सगळं बघून घेऊ दे.’

त्यावर दोन्ही पक्षांचं एकमत झालं की मला विचारावं. ‘तिला विचारा, ती तिथलीच आहे.’

या ‘तिथलीच’ने माझं डोकं फिरलं. सल्ला मागायला मी ‘तिथली’, आणि मी काही बोलले की ‘तुला काय जातंय, तू तिथली’. १३ वर्षं हे ऐकते आहे. तरी विचारलंय तर सांगते.

पहिली गोष्ट, दिवस मोजू नका, रात्री मोजा. ‘व्हेनिस २ दिवस’ या शब्दांना काही अर्थ नाही. तीन रात्री म्हणजे दोन पूर्ण दिवस, दोन रात्री म्हणजे एक, आणि एक रात्र म्हणजे तुम्ही तिथे झोपलात, एवढंच. हॉटेल ११ वाजता खोली रिकामी करायला लावतं, पुढचं ३ वाजेपर्यंत खोली देत नाही. मधले चार तास माणूस बॅगांचा हमाल असतो. सामान आवरा, स्टेशन गाठा, फलाट शोधा, उतरल्यावर पुन्हा नवं स्टेशन, नवे जिने. गाडी दोन तासांची असली तरी अर्धा दिवस गेलाच. सात मुक्काम म्हणजे सहा वेळा गाव बदलणं, म्हणजे तीन अख्खे दिवस बॅगा ओढण्यात. हे तक्त्यात कुठल्याच रकान्यात दिसत नाही. मामीचे गुडघे तक्त्यात दिसत नाहीत.

दुसरी गोष्ट वारांची. पॅरिसचं लूव्र संग्रहालय मंगळवारी बंद, जवळच्या व्हर्सायचा राजवाडा सोमवारी बंद, व्हॅटिकनची संग्रहालयं महिन्याचा शेवटचा रविवार सोडला तर रविवारी बंद. त्यामुळे पॅरिसला तीन रात्री पुरेशा आहेत का, या प्रश्नाला उत्तर नाही. कुठल्या तीन, ते आधी सांगा. आणि डोंगराचं तर विचारूच नका. स्वित्झर्लंडच्या युंगफ्राउयोखला १९१२ पासून रेल्वे जाते, ३,४५४ मीटरवर, पण वर ढग असला तर तुम्ही ३,४५४ मीटरवर पांढऱ्या भिंतीकडे बघत उभे असता. तिकीट तेवढंच. दोन रात्रींत डोंगराला एकच संधी मिळते, तीन रात्रींत दोन. इथले लोक सकाळी उठून आधी वेबकॅम बघतात आणि मग ठरवतात, वर जायचं की तळ्याकाठी बसायचं. त्यासाठी हातात एक मोकळा दिवस लागतो, आणि मोकळा दिवस दिसला की आपल्या माणसांच्या हाताला खाज सुटते.

व्हेनिसबद्दल मात्र मी भावाची पाठ थोपटली. बहुतेक लोक तिथे दिवसापुरते येतात आणि संध्याकाळी परत जातात. २५ एप्रिल २०२४ पासून गर्दीच्या ठरावीक दिवशी सकाळी साडेआठ ते दुपारी चारच्या दरम्यान दिवसापुरतं येणाऱ्याकडून ते गाव प्रवेशाचे पैसे घेतं. रात्र राहणाऱ्याला ते माफ. त्याने एक रात्र ठेवली आहे. एकच, पण ठेवली आहे.

इथवर सगळं ठीक होतं. मग मावसबहिणीने लिहिलं, ‘बघ, म्हणजे माझंच बरोबर’, आणि मला चेव आला. मी बोडनझे तळ्याची गोष्ट सांगितली. आमच्या समोरच्या बाई १८ उन्हाळे त्याच तळ्यावर, त्याच कॅम्पिंगच्या मैदानात, दोन दोन आठवडे जातात. जागासुद्धा तीच, नळाशेजारची. माणसं सुट्टी अशी घेतात, असं मी ठणकावून लिहिलं. वर हेही लिहिलं की इथला रजेचा कायदाच सांगतो, वर्षाच्या रजेतला निदान एक तुकडा सलग १२ दिवसांचा, शनिवार धरून, म्हणजे पूर्ण दोन आठवड्यांचा हवा.

पाठवल्यावर लगेच कळलं की मी कुणाच्या बाजूने काय बोलून बसले. माझी रजा ३० दिवस. भाऊ बारा रात्रींसाठी वर्षभर साहेबाची मनधरणी करत होता. ज्याला कायदा दोन आठवडे घ्यायलाच लावतो, त्याने तळ्याकाठी निवांत बसावं आणि ज्याला ते मिळत नाहीत त्याला उतावळा म्हणावं, यात मोठेपणा कसला?

शिवाय मी त्या बाईंची अर्धीच गोष्ट सांगितली होती. त्या तीन वर्षांपूर्वी भारतात जाऊन आल्या. दिल्ली, आग्रा, जयपूर, वाराणसी आणि केरळ, १४ दिवसांत. परत आल्यावर जिन्यात भेटल्या आणि म्हणाल्या, ‘इंडिएन हाबेन वीर गेमाख्ट.’ शब्दशः, भारत केला आम्ही. मला इतकं हसू आलं की खोकल्याचं नाटक करावं लागलं. ‘आम्ही युरोप केला’ हे वाक्य मी आयुष्यभर फक्त मराठीत ऐकलं होतं, आणि मराठीत ऐकताना मला त्याची लाज वाटायची.

धावपळ हा काही आपला शोध नाही. थॉमस कुकने १८६३ मध्ये इंग्रज मंडळींना स्वित्झर्लंड दाखवायला नेलं, ते गठ्ठ्यानेच. १९७२ मध्ये युरोपभर रेल्वेने फिरायचा इंटररेलचा पास निघाला, २१ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी, २१ देशांचा, एका महिन्याचा. माझे इथले साठी ओलांडलेले सहकारी अजून त्या गाड्यांच्या गोष्टी सांगतात. रात्री डब्यात झोपायचं, हॉटेलचे पैसे वाचवायचे, सकाळी उठू तो देश. ते सांगताना त्यांचे डोळे चमकतात. कुणी त्यांना पोस्टमन म्हणत नाही.

मग मला टिटिझे आठवलं, आमच्या जवळचं तळं. खरं तर ते विसरलेच नव्हते, फक्त या वादात काढायचं नव्हतं.

मावशी आणि काका, म्हणजे या निवांत प्रवासवाल्या बहिणीचेच आई-बाबा, सात वर्षांपूर्वी बसच्या टूरने आले होते. ‘तुझ्या गावाजवळून जातोय’ असा फोन आला. फ्रायबुर्ग यादीत नव्हतं, टिटिझेचा थांबा होता. मी ह्योलेनटालच्या दरीतून जाणारी गाडी पकडून वर गेले आणि वाहनतळाशी उभी राहिले. बस आली, दार उघडलं, आधी झेंडीवाला मुलगा उतरला आणि ओरडला, ‘फक्त ४५ मिनिटं!’ मावशी शेवटून दुसरी. खांद्याला पर्स, ती दोन्ही हातांनी छातीशी धरलेली.

मी त्या मुलावर चिडले. थोडा जास्त वेळ दे म्हटलं. त्याने ड्रायव्हरकडे बोट केलं. ड्रायव्हर बसच्या पुढच्या चाकाशी सिगारेट ओढत उभा होता. युरोपीय संघाचा नियम आहे, साडेचार तास गाडी चालवली की ४५ मिनिटं विश्रांती, दिवसाला एरवी ९ तासच चालवायचं, सगळं गाडीतल्या टॅकोग्राफ यंत्रावर नोंदलं जातं. आमच्या वाट्याला आलेला वेळ त्या तळ्यासाठी नव्हताच, तो ड्रायव्हरच्या विश्रांतीचा होता. चालवायचे तास पुरवून पुरवून वापरायचे आणि रात्रीच्या हॉटेलला वेळेत पोचायचं.

बाकीची मंडळी कोकिळेची घड्याळं बघायला गेली. आम्ही तिघं तळ्याकाठच्या बाकावर बसलो. मावशीने घरातल्या एकेकाची खबर दिली, काकांनी पाण्याकडे बघत दोन वेळा ‘छान आहे’ म्हटलं, मी घड्याळाकडे बघत होते. मावशीने माझा हात हातात घेतला आणि शेवटपर्यंत सोडला नाही. ४३व्या मिनिटाला झेंडी हलली.

मावशी अजून फोनवर विचारते, ‘त्या बाकावर जातेस का गं कधी?’ तिला पॅरिसमधलं काही आठवत नाही, रोममध्ये काय पाहिलं ते काकांना विचारावं लागतं. बाक आठवतो. आता तिच्या मुलीला मी काय सांगू, की ४५ मिनिटांत काही होत नाही? आणि मी त्या बाकावर जाते का? सात वर्षांत एकदाही नाही. गाडीने ४० मिनिटांवर आहे.

हे सगळं ग्रुपवर लिहिलं नाही. पण कबुली द्यायची तर आणखी एक आहे, आणि ती जास्त वाईट आहे. भावाने तक्ता करण्यापूर्वी मला वेगळा फोन केला होता. ‘ताई, तुझ्या गावात बघण्यासारखं काय काय आहे? किती वेळ ठेवू?’ तेव्हा मी ऑफिसातून निघत होते. म्हटलं, ‘विशेष काही नाही रे. म्युन्स्टरचं मोठं चर्च, जुनं गाव, रस्त्याकडेने वाहणारी बेख्ले, म्हणजे पाण्याचे चिमुकले पाट. अर्धा दिवस खूप झाला.’

एक रात्र त्याने नाही ठरवली, मी ठरवली.

गेला आठवडा माझी चिडचिड नक्की कशावर चालली होती, हे बुधवारी रात्री मी तक्ता पुन्हा उघडला तेव्हा कळलं. पॅरिसच्या ओळीत त्याने १४ गोष्टी लिहिल्यात. ल्युसर्नच्या ओळीत ६. माझ्या ओळीत ‘ताईकडे’. मी ती ओळ भरायला बसले. म्युन्स्टरचा ११६ मीटरचा मनोरा, जो १९४४च्या बॉम्बवर्षावात आजूबाजूचं गाव जमीनदोस्त झालं तरी उभा राहिला. हे लिहिलं, आणि हे तर कुठल्याही माहितीपत्रकात आहे. माझं काय? ड्रायझाम नदीच्या काठचा तो वळणावरचा दगड, जिथे बसून मी आईला फोन करते. ट्रामचा तो थांबा, जिथे पहिल्या वर्षी चुकून उतरले आणि रडले, आणि जिथे आता मुलीचा सायकलचा क्लास आहे. पहाटे दिवा लागतो ती बेकरी. प्रेक्षणीय म्हणावं असं यात काही नाही. मामा म्हणेल, ‘छान आहे.’ पण हे दाखवायला अर्धा दिवस पुरत नाही. तीन रात्री लागतात. दोन पूर्ण दिवस, आणि त्यातला एक मोकळा.

म्हणून धीर करून भावाला लिहिलं, ‘आमच्याकडे ३ रात्री करशील का? ॲमस्टरडॅमची एक काढ, रोमची एक काढ.’

त्याचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं, आणि त्यातला नियम मीच त्याला शिकवलेला. शेंगेनचा, म्हणजे या सगळ्या देशांना मिळून चालणारा, व्हिसा ज्या देशात सगळ्यात जास्त मुक्काम, त्या देशाकडे मागायचा. मुक्काम सारखे झाले तर ज्या देशातून आत शिरता त्याच्याकडे. ‘ताई, आत्ता फ्रान्स ३, इटली ३, आणि आम्ही पॅरिसलाच उतरतोय, म्हणून फ्रान्सची अपॉइंटमेंट घेतली. तिघांचीही मिळालीय, पुढच्या मंगळवारची. तुझ्याकडे ३ केल्या तर कोलोन धरून जर्मनीच्या ४ होतात. मग सगळं पहिल्यापासून.’

मी हिशेब करून पाहिला. बरोबर होता.

थोड्या वेळाने त्याचा आणखी एक मेसेज आला. ‘२ बसतात. जर्मनी ३, फ्रान्स ३. रोमची एक काढतो. चालेल?’

मी कॅलेंडर काढलं. दोन रात्री, म्हणजे मधला एक दिवस. तो दिवस रविवार निघाला. दुकानं बंद, बेकरीसुद्धा दुपारपर्यंतच. लिहिलं, ‘चालेल. पण त्या दिवशी सगळं बंद असतं हं.’

मामाने खाली लिहिलं, ‘मग बरंच की.’