केलडी म्हणजे कोळेरोग? काहीही हं

केलडी म्हणजे आमच्याकडची लालतोंडी माकडं, आणि कोळेरोग म्हणजे पोफळीवरच्या सुपाऱ्या कुजवून गाळणारा रोग. व्हॉट्सॅपवर परत तोच मेसेज फिरतोय, की "केलडी म्हणजे बागेला लागलेली बुरशीच, कोळेरोगासारखी. दोन्ही बाहेरून आलेत, दोन्ही झाडं संपवतात, फवारणी मारतो तशी माकडंही मारा, विषय संपला."

आधीच सांगतो, मला माकडांचा पुळका नाहीये. परवा सकाळी माडाखाली सतरा शहाळी मोजली, प्रत्येकाला देठाकडे भोक, पाणी पिऊन फेकलेली, आणि एक केलडं गोठ्याच्या कौलावर बसून माझ्याकडेच बघतंय. डोकं फिरतं, कबूल. पण म्हणून काहीही?

बाहेरून आली म्हणे! हे लालतोंडं माकड (बॉनेट मकाक) दख्खन आणि दक्षिण भारत सोडून रानात जगात कुठेच सापडत नाही, आणि आययूसीएन या जागतिक संस्थेच्या धोक्यातल्या जीवांच्या यादीत ते आता व्हल्नरेबल, म्हणजे नामशेष व्हायचा धोका असलेलं आहे, म्हणजे गावात दिसतात तेवढ्यावरून "लय झालीत" म्हणून मोकळं होता येत नाही.

झाडं संपवतात हे तर अर्धंच खरं. केलडं फळ नेतं, पोय (माडाचा फुलोरा) मोडतं, माड उभाच राहतो. उलट कोळेरोग ज्याच्यामुळे होतो तो फायटोप्थोरा माडाच्या कोंबात शिरला तर आतला कोंब कुजतो, मधलं पान ओढलं की हातात येतं, घाण वास, आणि माडाला कोंब एकच त्यामुळे वेळेत लक्षात नाही आलं तर माड गेलाच. बरं, हा फायटोप्थोरा खरी बुरशीसुद्धा नाही, तपकिरी शेवाळाच्या नात्यातला जीव आहे, त्याचे बीजाणू पाण्यात चक्क पोहतात, म्हणून तर पोफळीला कोळेरोग ऐन पावसात लागतो. आणि केलडं रानातली फळं गालात भरून लांब जाऊन बिया थुंकतं, रानातली काही झाडं त्यानेच लावलेली असतात. कोळेरोगाने कधी झाड लावलंय का?

राहिलं "फवारणी मारली की विषय संपला". अहो कोळेरोगाचाच संपत नाही! फवारणीचं बोर्डो मिश्रण करायचं, शंभर लिटर पाण्याला किलो मोरचूद, किलो कळीचा चुना, विळा बुडवून बघायचा, पात्यावर लालसर तांबं चढलं तर चुना अजून घालायचा, पावसाआधी एकदा मारायचं, चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी परत, आणि गळलेल्या सुपाऱ्या वेचून जाळायच्या, नाहीतर रोग तिथूनच परत चढतो. माकडांचंही तेच, एक टोळी हटवली की मोकळ्या जागेत दुसरी येते, शिवाय फटाक्याला चार दिवसांत सरावतात, रोग निदान शिकत तरी नाही.

आणि ज्याने हा मेसेज आमच्या ग्रुपवर टाकला ना, त्याच्या बागेत गेल्या श्रावणात गळलेल्या सुपाऱ्यांवर कोळेरोगाचा पांढरा बुरा धरलेला, गणपतीपर्यंत कोणी वेचल्या नव्हत्या.