आमच्या काळात खूप केलं!

काहीही न करता चर्चच्या मंडळीत सेवक म्हणून मिरवायचंय? सोप्पंय. आयुष्यात एकदाच, शक्यतो 1990च्या आधी, काहीतरी करून ठेवा. खेड्यात सुवार्तेची एखादी फेरी, तरुण संघाचं सेक्रेटरीपद, अगदीच नाही तर नाताळच्या नाटकातला हेरोद राजा. मुद्दल तेवढं पुरे, पुढं जन्मभर व्याजावर जगायचं.

पुढच्या बाकावरची जागा सोडू नका.

कोणी ससूनला ॲडमिट असलं की ग्रुपवर जोडलेले हात टाका, झाली भेट.

काम सांगितलं की गुडघा धरा. (प्रीतिभोजनाच्या रांगेत धरू नका, लोकांच्या लक्षात येतं.)

आणि सगळ्यात भारी म्हणजे साक्ष, म्हणजे देवानं आपल्या आयुष्यात काय केलं ते सगळ्यांपुढं उभं राहून सांगणं. गेल्या रविवारी मी उपासनेनंतर एवढंच म्हणालो की संडे स्कूलला 34 पोरं आहेत, शिकवायला आम्ही दोघं, कोणीतरी या. एक काका ताडकन उठले, माईक घेतला, मला वाटलं नाव देतायत, डोळ्यांत पाणीच यायचं बाकी होतं, तर काकांनी सुरू केलं, "1984 साली आम्ही कॅम्पातनं सायकलवर केडगावला गेलो..." मग पंक्चर कुठं झालं, यवतला चहा कोणी पाजला, सुवार्ता ऐकून किती जणांनी हात वर केले (इस्टरला हीच गोष्ट सांगितली तेव्हा 40 होते, आता 100 झालेत). 25 मिनिटं! टाळ्या, समाप्तीची प्रार्थना, सगळे घरी. संडे स्कूल राहिलंच.

अहो, आणि नाव केडगावचं घेता? पंडिता रमाबाईंनी 1889ला शारदासदन काढलं, तेवढ्यावर हारतुरे घेत बसल्या असत्या तर कोण काय बोलणार होतं? पण पुढं दुष्काळातल्या उपाशी मुली आणून केडगावच्या माळावर सांभाळल्या, मग हिब्रू-ग्रीक शिकून अख्खं बायबल मराठीत आणायला घेतलं, 1922ला गेल्या तोवर कामच चालू. बायबलमधला कालेब 85 वर्षांचा होता, त्यानं इस्राएलांचा पुढारी यहोशवाकडं जिंकायला डोंगर मागितला, तोही धिप्पाड अनाकी लोकांनी भरलेला. तुम्हाला 34 पोरांची भीती वाटते?

काका, राग मानू नका. नाही, मानाच. सायकल चालवा असं कोणी म्हणत नाहीये. खुर्चीत बसून तीच केडगावची गोष्ट पोरांना सांगा, ती नवीन आहेत, आम्हाला पाठ झालीय. रविवारी साडेआठला. आणि जिन्याचं कारण सांगू नका, वर्ग तळमजल्यावर आहे.