‘शुद्ध जुगाड’? : स्ट्रट ब्रेसवरच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. जुन्या मित्सुबिशी लॅन्सर गाडीसाठी घरच्या घरी स्ट्रट ब्रेस (बॉनेटखाली पुढच्या दोन्ही सस्पेन्शनचे टॉवर, म्हणजे स्ट्रटचं वरचं टोक जिथे बसतं ते बॉडीचे उंचवटे, एकमेकांना जोडणारा आडवा रॉड) कसा करायचा, या माझ्या लेखाखाली तुम्ही रात्री पावणेदोन वाजता प्रतिक्रिया टाकलीत, नाव न टाकता. तिची सुरुवात अशी: “वेल्डिंगवाल्याकडून पाइप जोडून आणायचा आणि त्याला इंजिनिअरिंग म्हणायचं, हा शुद्ध जुगाड. असल्या रॉडने फरक पडतो हा मनाचा खेळ आहे.” पुढे टॉर्कची (नट किती जोराने आवळायचा त्या मापाची) चूक, आरटीओ, अपघात आणि ‘आधी टायर बदला’ हेही आहे. मतभेद असावेत, त्याला माझी ना नाही. पण लेखात पाइपाचा व्यास, जाडी, प्लेटची जाडी, भोकांचं माप सगळं दिलेलं असताना ‘शुद्ध जुगाड’ हा शब्द सुचतो, याचा अर्थ लेख फोटो बघून संपवलेला आहे.

तुमचं जे बरोबर आहे ते आधी मान्य करतो. मी सरसकट ४८ न्यूटन-मीटर टॉर्क लिहिला होता. तो ८.८ ग्रेडच्या (ही बोल्टच्या ताकदीची श्रेणी) एम१० ला, म्हणजे १० मिमीच्या बोल्टला, ठीक आहे. एम८ ला साधारण २५ पुरे. एम८ चा स्टड (नट बसतो तो आट्यांचा दांडा) ४८ ने आवळला तर तो ताणला जाणार, आटे जाणार. चूक माझी, लेखात दुरुस्त केली. ‘अशा लोकांच्या हातात पाना देऊ नये’ हे त्यासोबत लिहायची गरज होती का, ते तुमचं तुम्ही ठरवा.

आता ‘मनाचा खेळ’. २५ मिमी बाहेरचा व्यास आणि २ मिमी जाडीचा, एक मीटर लांबीचा पोलादी पाइप घ्या. सरळ असेल तर लांबीच्या दिशेने १०० किलोचा जोर लावल्यावर तो जेमतेम ०.०३ मिमी दबतो. तोच पाइप इंजिनवरून न्यायला मधला भाग ५० मिमी वर उचलून वाकवला आणि टोकं बिजागरीसारखी मोकळी धरली, तर त्याच जोराला टोकं सुमारे १ मिमीने जवळ येतात. तीसपट फरक, पाइप तोच! वाकवलेला पाइप दाबाखाली आणखी वाकतो, दबत नाही. तुम्ही कुणाच्या तरी गाडीत असा नक्षीदार रॉड बसवलेला पाहिला असेल आणि फरक जाणवला नसेल, तर तिथे तुमचं म्हणणं खरंच आहे. फक्त तो दोष पाइपाच्या आकाराचा आहे. वेल्डिंगवाल्याचा नाही आणि माझा तर नाहीच.

वाकवणं टळत नसेल तर व्यास वाढवा. ४० मिमी व्यास, जाडी तीच २ मिमी: वर सांगितलेला १ मिमी ०.२३ वर येतो, वजन मात्र मीटरला १.१ किलोवरून १.९ वरच जातं. ‘मजबूत हवं’ म्हणून २५ मिमीची भरीव सळई घालणारेही आहेत. ती मीटरला पावणेचार किलोच्या वर भरते आणि वाकायला पोकळ पाइपाच्या फक्त दुप्पट विरोध करते. आणि ते चकचकीत अ‍ॅल्युमिनियमचे तयार ब्रेस? अ‍ॅल्युमिनियमचा ताठपणा पोलादाच्या साधारण एक तृतीयांश. त्यांना मात्र कुणी जुगाड म्हणत नाही, कारण ते खोक्यातून येतात.

खरा घोळ पाइपात नसतो, त्याच्या टोकांना टॉवरवर बसणाऱ्या प्लेटमध्ये असतो. लॅन्सरच्या प्रत्येक टॉवरवर टॉप माउंटचे (स्ट्रटचं वरचं टोक धरणाऱ्या भागाचे) तीन नट आहेत. पुठ्ठ्याचा साचा काढून ५ मिमी प्लेट कापा, पण आधी स्टडची लांबी बघा: नट आवळल्यावर वर किमान दोन आटे दिसले पाहिजेत. दिसत नसतील तर ३ मिमी प्लेट घ्या आणि पाइपाखाली त्रिकोणी पट्ट्या जोडा. पाइप प्लेटपासून जितका उंच, तितकी प्लेट वाकणार, म्हणून तो शक्य तितका खाली ठेवा. प्लेट टॉवरच्या पत्र्यावर टेकली पाहिजे, रबरावर नाही.

गाडी सपाट जागी, चारही चाकं जमिनीवर. नट एका वेळी एकाच बाजूचे काढा. मधला मोठा नट हलवायचा नाही, त्याच्याखाली दाबलेली स्प्रिंग आहे. माप घेऊन पाइप कापा, टॅक (वेल्डिंगचे छोटे टाके) मारा. पण पूर्ण वेल्डिंग गाडीवर करू नका. जाड अँगलवर त्याच अंतरावर बोल्ट उभे करून त्या साच्यात करा. हे टाळलं की काय होतं ते सांगतो: वेल्ड थंड होताना प्लेटचं टोक वर ओढलं जातं, दोन भोकं बसतात आणि तिसरं दीड-दोन मिमीने हुकतं. मग माणूस गोल कानस काढतो, भोक लांबट करतो, नट आवळतो आणि खूश होतो. लांबट भोकात प्लेट सरकते. पहिल्या वळणात ब्रेस तेवढा सरकून घेतो. एम१० ला १०.५ मिमी भोक, त्याहून मोठं नाही. बॉनेट लावण्याआधी इंजिन आणि पाइपामध्ये दोन-अडीच सेंटीमीटर मोकळं ठेवा, इंजिन माउंटवर डुलतं.

बावीस वर्षं मी हेच काम हाताने करतोय, त्यामुळे ‘मनाचा खेळ’ कुठला आणि सैल नट कुठला हे मला कळतं, एवढं तरी गृहीत धरा.

बाकीचे मुद्दे. मॅकफर्सन सस्पेन्शनमध्ये (लॅन्सरसारखं, स्ट्रटवर उभं असलेलं) आडवा जोर जास्त करून लोअर आर्मवर (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्यावर) येतो, टॉवरवर नाही, हे तुम्ही लिहिलंत. हो, टॉवरच्या वाट्याला ढोबळ मानाने तिसरा हिस्सा येतो. म्हणून खालचा ब्रेस आधी करावा. तो पुढच्या लेखाचा विषय आहे. टायर: बदला ना, मी कुठे अडवलं? आरटीओ: नोंदणी प्रमाणपत्रातल्या तपशिलाला धक्का लागेल असा बदल करायचा नाही, हे मोटार वाहन कायद्याचं कलम ५२, सहा नट काढले की गाडी मूळ स्थितीत येते. अपघातात एका टॉवरचा धक्का दुसऱ्याला जाईल म्हणता. जाईल, थोडा. त्यावर सविस्तर पुन्हा कधीतरी.

पुढच्या वेळी ब्रेस बसवलेल्या गाडीत तीन भोकं नीट बसलीत का ते बघून या आणि शक्य झालं तर नावही टाका.