पाठांतराला 10, उच्चाराला 10

आत्ताच घरी आले. चहासुद्धा घेतलेला नाही. आधी हे लिहिते, नाहीतर रात्री झोप लागायची नाही.

आज 1 ऑगस्ट. आमच्या वाळवा तालुक्यात आज शाळाशाळांत भाषणं असतात. टिळकांची पुण्यतिथी आणि आपल्या वाटेगावच्या अण्णाभाऊ साठेंची जयंती. एका शाळेनं मला परीक्षक म्हणून बोलावलं होतं. शाळा कुठली ते विचारू नका. 21 मुलं बोलली. शेंगांची टरफलं किती वेळा ऐकली ते मोजलं नाही. अण्णाभाऊंचं 1958 च्या दलित साहित्य संमेलनातलं ते वाक्य, पृथ्वी शेषनागाच्या मस्तकावर नाही तर दलित-कष्टकऱ्यांच्या तळहातावर तरली आहे, हे पाच जणांनी म्हटलं, आणि 'तळहातावर' हा शब्द आला की पाचही हात एकाच उंचीला वर गेले. बसवलेले हात. पोरांचा काय दोष?

मग सहावीतली एक मुलगी आली. 'व्यासपीठावर उपस्थित मान्यवर' झालं, 'थोर साहित्यरत्न' झालं आणि पुढं सगळं पुसलं गेलं. बाई खालून ओठ हलवून वाक्य पुरवायला लागल्या. पोरीनं त्यांच्याकडं बघितलंच नाही. थोडा वेळ नुसती उभी राहिली, आणि म्हणाली, "माझ्या आज्जीचं माहेर वाटेगाव हाय. अण्णाभाऊ दीडच दिवस साळंत गेल्यालं. आज्जी तर एक दिस बी गेली न्हाई. म्हणून म्या तिला सही शिकवली."

मागच्या ओळीतली कुजबुज थांबली. दारात उभे असलेले शिपाईमामा आत सरकले. सकाळपासून पहिल्यांदा त्या हॉलमध्ये कुणीतरी कुणाशी तरी बोलत होतं.

आणि घंटा वाजली. तीन मिनिटं संपली होती म्हणे.

माझ्या हातातल्या कागदावर चार रकाने होते. पाठांतर 10, उच्चार 10, हावभाव 10, वेळ 10. पोरगं काय बोललं, त्याला रकानाच नाही! मी सोबतच्या परीक्षकांना म्हटलं, हिला नंबर द्या. "मॅडम, ती विसरली की. आणि 'न्हाई', 'म्या'… उच्चाराला काय देणार?"

तिथं माझं डोकं फिरलं. कारण ती पोरगी मी आहे.

1994. मी आठवीत. तालुक्याची स्पर्धा, विषय 'पाणी हेच जीवन'. मी पहिल्याच वाक्यात 'पानी' म्हणाले. आमच्या घरात सगळे तसंच म्हणायचे. परीक्षकांनी समोरचा माईक ओढला आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "पानी नव्हे बाळ, पाणी. म्हण बघू." मी म्हटलं, पुन्हा 'पानी'च आलं. हॉल हसला. मी खाली येऊन बसले, ती पंचवीस वर्षं बसूनच राहिले. हळदीकुंकवात नाव घ्यायची वेळ आली तरी माझ्या घशाला कोरड पडायची.

मान्य, प्रमाण मराठी यायला हवी. कलेढोणचे प्राचार्य शिवाजीराव भोसले याच मातीतले, आणि त्यांचं व्याख्यान ऐकताना माणसं श्वास धरून बसायची. ती भाषा मलाही हवीहवीशी वाटते. पण परवा 3 ऑगस्टला ज्यांची जयंती आहे ते आमच्या येडेमच्छिंद्रचे क्रांतिसिंह नाना पाटील? 1930 साली तलाठ्याची नोकरी सोडून गावोगाव बोलत फिरले, तेही शेतकऱ्याच्या बोलीत. त्या बोलण्यावर माणसं इंग्रजाविरुद्ध उभी राहिली. त्यांना या कागदावर उच्चाराला किती दिले असते? सांगा ना.

माझी भीती कुठल्या शिबिरात गेली नाही. 2019 च्या ऑगस्टात गेली. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी 45 फूट, त्या साली कृष्णा 57 च्या वर गेली. आमच्या नदीकाठच्या गावात भोंग्यावरून दोनदा पुकारून झालं, "नागरिकांनी सुरक्षित स्थळी स्थलांतर करावे." कोण हलतंय? 2005 ला पाणी मारुतीच्या पायरीशी थांबलं होतं, त्याच्या वर येत नाही, हाच सगळ्यांचा हिशेब. गडीमाणसं जनावरं काढायला गेलेली. देवळात बॅटरीवर माईक चालू होता आणि जवळ मीच होते. हात थरथरत होते, छाती धडधडत होती. तरी बोलले. "आवो, पानी पायरीच्या वर आलंय. मी डोळ्यानं बघून आलेय. खालच्या आळीतल्या काकू, म्हशी सोडा आन् पोरं घेऊन वर या. भांडीकुंडी ऱ्हाऊ द्या."

पानी. तोच शब्द. कुणी हसलं नाही. दहा मिनिटांत कंदील हलायला लागले.

मग बचत गटात बोलायला लागले आणि एकेक गोष्ट कळत गेली. भीती जात नाही, ती येणारच. छाती धडधडली की श्वास तोकडा होतो, म्हणून आवाज चढतो आणि आपण पळत सुटतो. उठायच्या आधी दोनचार वेळा श्वास सावकाश, लांब सोडला की आवाज जागेवर येतो. अख्खं भाषण पाठ करू नये. एक शब्द निसटला की माळच तुटते. पहिलं वाक्य पक्कं ठेवावं, बाकी तीनचार मुद्दे चिठ्ठीवर, आणि भांडी घासताना, रानात जाताना ते मोठ्यानं बोलून बघावेत, दर वेळी वेगळ्या शब्दांत. विसरलं तर थांबावं. आपल्याला युग वाटतं, ऐकणाऱ्याला वाटतं बाई विचार करतेय. आणि शेवटच्या ओळीतली एक बाई धरावी, तिला सांगावं.

यातलं त्या पोरीला कुणी शिकवलं नव्हतं. तरी ती थांबली, समोर बघितलं आणि बोलली. मला जे जमायला पंचवीस वर्षं आणि एक महापूर लागला, ते तिनं सहावीत केलं. आणि आपण घंटा वाजवली.

बाईंवर राग धरून लिहिलं खरं, पण त्यांचंही कळतं. एका आठवड्यात 21 मुलं तयार करायची, वर्ग सांभाळून. पाठांतरच सोपं पडणार. ठीक आहे. पण पुढच्या वर्षी रकाने मी लिहून नेणार आहे, आणि चालत नसेल तर बोलावू नका म्हणून सांगणार आहे.

बक्षीस समारंभाला थांबले नाही. बाहेर व्हरांड्यात ती पोरगी दप्तर घेऊन बसली होती. डोळे लाल. मी शेजारी बसले आणि विचारलं, "मग आज्जीनं पहिली सही कुठं केली?"

तिनं नाक पुसलं. "रेशनच्या दुकानात. दुकानदार अंगठ्याची शाई म्होरं करत हुता. आज्जी म्हणाली, पेन दे."