याहूची वर्गणी

घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आठवडाभर एकच वाद: जगात एकेश्वरवाद आधी कोणाचा? काकांनी ऋग्वेदातलं 'एकं सद् विप्रा बहुधा वदन्ति' टाकलं, भाच्याने इजिप्तचा राजा अखेनातेन. शेवटी काकांचं फर्मान आलं, "तू बर्लिनलाच आहेस ना? जाऊन बघ."

गेलो. नॉयेस म्युझियममध्ये सगळी गर्दी अखेनातेनच्या राणीच्या, नेफर्टिटीच्या पुतळ्यापाशी. मी थांबलो चुनखडीच्या एका छोट्या फरशीपुढे. अखेनातेन, नेफर्टिटी, तीन मुली. एकीचा तो मुका घेतोय. वर आतेन, म्हणजे सूर्याची चकती. किरणांच्या टोकांना चिमुकले हात, आणि त्यांनी जीवनाचं चिन्ह धरलंय ते फक्त राजाराणीच्या नाकाशी. देव एक खरा, पण वाट राजवाड्यातूनच! इ.स.पू. १४ व्या शतकात याच राजाने आमून देवाचं नाव देवळांवरून छिन्नीने काढायला लावलं. बापाचं नाव आमेनहोतेप, त्यातलाही आमून सोडला नाही. तरी त्याच्याच राजधानीत, अमार्नाच्या घरांत, बाळंतिणीला राखणाऱ्या तावेरेत देवीचे ताईत सापडलेत.

काकांच्या ऋचेत इंद्र, मित्र, वरुण, अग्नी सगळे नावानिशी उभे आहेत, खोडलंय कोणाला? पहिला नंबर मिळवायच्या नादात आपण तिला आतेनच्या रांगेत का बसवायचं, हे मला कळत नाही. भाच्याचंही तेच. अखेनातेनपासून यहुद्यांच्या मोशेपर्यंत सरळ रेघ ओढायला पुरावा नाही.

उलट पुरावा याच शहराच्या संग्रहात आहे. नाईलमधल्या एलिफंटाईन बेटावर पर्शियन सम्राटाच्या चाकरीत यहुदी शिपाई राहत. त्यांची इ.स.पू. ४०० च्या सुमाराची, अरामी भाषेतली वर्गणीची यादी: याहूला १२ कर्श ६ शेकेल (ही चांदीची वजनं), एशेमबेथेल या देवतेला ७ कर्श, अनातबेथेल या देवतेला १२. याहू म्हणजे बायबलमधला यहोवाच. जेरुसलेम पडून पावणेदोनशेच्या वर वर्षं झालेली, 'माझ्यावाचून देव नाही' असं बजावणारे संदेष्टे होऊन गेलेले, आणि इथे पावत्या तिघांच्या.

जर्मनीत अजूनही राहत्या पत्त्याच्या नावनोंदणीच्या अर्जात धर्माचा रकाना असतो. चर्चचे सभासद असाल तर बर्लिनमध्ये आयकराच्या ९ टक्के चर्च-कर वेगळा कापतात. मी रकाना रिकामा सोडला होता. देव्हारा कपाटात आहे, त्यात सात जण.

यादी ग्रुपवर टाकली. काका वीस वर्षं गल्लीतल्या मंडळाचे खजिनदार. ऋचा राहिली बाजूला. त्यांनी एवढंच विचारलं, "बेरीज तपासली का कोणी?"