नाही म्हणायला काय पैसे पडतात का?

कास्टिंगवाल्यांनो, आम्हा कलाकारांना मालिकेसाठी तारखा ब्लॉक करायला सांगता ना, मग त्या सोडायलाही सांगा की! कास्टिंग कोऑर्डिनेटरचा फोन येतो तेव्हा आवाजात नुसती साखर. "ताई, रोल तुमच्यासाठीच लिहिलाय. पंधरा दिवस कुठे कमिट करू नका, चॅनलचं अप्रूव्हल आलं की लॉक." आपण नाटकाचा कोल्हापूर-सांगलीचा दौरा सोडायचा आणि मग शुकशुकाट. व्हॉट्सअ‍ॅपवर दोन निळ्या टिक्स. फोन उचलत नाहीत. महिन्याभराने प्रोमोत दुसरीच बाई तुमचे संवाद म्हणताना दिसते. म्हणू दे, तिच्यावर राग नाही. तिलाही पैसे नव्वद दिवसांनीच मिळणारेत.

त्याआधीची सेल्फ-टेप, म्हणजे घरीच शूट करून पाठवायची ऑडिशन, तर विचारूच नका. संध्याकाळी पानभर सीन येतो आणि "ताई, रात्री नऊपर्यंत हवंय". कोरी भिंत शोधा, शेजारच्यांचा मिक्सर थांबवा, समोरच्या पात्राची वाक्यं घरातल्या कुणाच्या तरी गळ्यात मारा. (माझ्या आईने आजवर इन्स्पेक्टर, व्हिलन, माझा नवरा, सगळं केलंय. पोळ्या लाटता लाटता.) नाव, वय, उंची, डावं प्रोफाइल, उजवं प्रोफाइल. पूर्वी अंधेरीच्या आरामनगरला ऑडिशनच्या रांगेत ताटकळावं लागायचं, पण तिथे निदान समोरच्याच्या तोंडावरून कळायचं तरी! आता टेप कुणी उघडली का, तेही कळत नाही. वर विचारणार, "इन्स्टाला फॉलोअर्स किती?"

एवढं करून काम मिळालंच, तर पैशांसाठी पुन्हा फोन मीच करायचे. छोट्या उद्योगांसाठीचा एमएसएमई कायदा २००६चा आहे. लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत पैसे द्या म्हणतो. त्यासाठीची उद्यम नोंदणी करा आणि हे अकाउंट्सवाल्याला ऐकवून बघा, पुढच्याच आठवड्यात तुमचं पात्र अमेरिकेला मुलाकडे राहायला जातं. टीडीएसचे १० टक्के मात्र न चुकता कापतात. ते भरलेत का, हे इन्कम टॅक्सच्या साइटवर आपणच शोधायचं.

आणि नातेवाईक सांगतात, नकार पचवायला शिक. अहो, नकार आला तर पचवेन ना! मी कधीची तयार आहे. "ताई, यावेळी नाही", एवढं टाइप करा. सॉरी नको, व्हॉइस नोट नको, "पुढच्या प्रोजेक्टला नक्की" तर मुळीच नको. माझ्या तारखा मोकळ्या करा. घरभाडं मला त्याच तारखांमधून काढायचंय.