रसग्रहण करा, पण कविता वाचू नका

परवा भाचीचा चाचणीचा पेपर घरी आला. मराठीत रसग्रहणाला चारापैकी एक. तिचं उत्तर वाचलं, त्यावरची लाल शाई वाचली आणि माझे डोळेच उघडले. कवितेचा अर्थ कवितेत असतो, असं मी इतकी वर्षं उगाच धरून चाललो होतो. तो गाईडात असतो. तेव्हा परभणीतल्याच काय, अख्ख्या मराठवाड्यातल्या लेकरांच्या भल्यासाठी चार गोष्टी सांगतो. पालकांनीही वाचाव्यात, नाहीतरी अभ्यास तेच करतात.

पहिली गोष्ट, कविता वाचण्यात वेळ घालवू नका. खाली कवीचं नाव असतं, तेवढं वाचा. संत असेल तर आशय ‘भक्तीचा महिमा’. बाई असेल तर ‘स्त्रीमनाची घालमेल’. खेड्यातला असेल तर ‘मातीचा गंध’. मराठवाड्यातला असेल तर दुष्काळ, मग बिचाऱ्यानं कविता पावसाच्या झडीवर का लिहिलेली असेना. संतही आहे आणि बाईही आहे, असा पेच पडला तर सरांना विचारा.

विषय वेगळा आणि आशय वेगळा, असं कुणी म्हणालंच तर त्याला पाणी द्या आणि बसवा.

आता सूर. कविता मोठ्यानं म्हणून बघायची नाही. म्हटली की सूर कळतो, आणि एकदा कळला की तो एका शब्दात मावत नाही. पैठणच्या नाथांचं विंचवाचं भारूड घ्या. भारूडकरी असा काही विव्हळतो, नाचतो की समोरची माणसं पोट धरून हसतात. हसता हसता कळतं की हा विंचू काम-क्रोधाचा आहे, त्यावर अंगारा सत्त्वगुणाचा आहे, आणि इंगळी डसलेल्यांत आपणही आहोत. वर नाथ शेवटी सांगतात, उतारा दिला तरी ‘किंचित् राहिली फुणफुण’. ज्याला रानात खरंच विंचू चावलाय त्याला विचारा फुणफुण म्हणजे काय. पण तुम्ही विचारू नका. ‘विनोदी’ लिहा किंवा ‘गंभीर’ लिहा. दोन्ही लिहिलं तर मार्क जातो.

यमक दिसलं की खाली रेघ मारा आणि पुढं व्हा.

शब्दांकडे मात्र चुकूनही बघू नका. इथं जरा सविस्तर बोलतो, कारण भाचीनं नेमकी इथंच माती खाल्ली. कविता होती जनाबाईची. ‘झाडलोट करी जनी, केर भरी चक्रपाणी.’ पोरीनं लिहिलं की इथं देवाला विठ्ठल म्हटलेलं नाही, चक्रपाणी म्हटलंय. चक्रपाणी म्हणजे ज्याच्या हातात सुदर्शन चक्र आहे तो. त्याच हातानं तो आता केर भरतोय. पुढं केराची पाटीही तोच उचलतो. म्हणून हा शब्द इथं निवडलाय.

पंधरा वर्षांचं लेकरू आहे हो! क्लासमध्ये कुणी सांगितलेलं नाही, गाईडात तर नाहीच नाही. तिला ते दिसलं. तिनं पुढं असंही लिहिलं की देव ‘नीच कामें करूं लागला’ असं जनी म्हणते, पण तेच काम ती रोज करते. त्याला नीच म्हणणारे लोक दुसरे आहेत. आणि शेवटच्या ओळीत चक्रपाणीचा साधा विठोबा होतो, कारण तोवर दोघांनी मिळून अंगण झाडलेलं असतं. ‘जनी म्हणे विठोबाला, काय उतराई होऊं तुला.’ जन्मभर नामदेवांच्या घरी राबलेली बाई, तिच्या कामाला कुणी एकदा हात लावला तर तिला उपकार फेडायची चिंता पडते. हे सगळं पोरीनं दहा ओळींत लिहिलं. आणि त्यावर लाल शेरा काय? ‘मुद्दे नाहीत.’

मुद्दे कोणते हवे होते, तर आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये. अशी तीन शीर्षकं टाकायची, आणि तिसऱ्याखाली लिहायचं, ‘संतकवयित्रींची भाषा साधी, सोपी व ओघवती आहे.’ हे वाक्य कोणत्याही अभंगाखाली बसतं. बियाण्याच्या पाकिटामागच्या सूचनांखालीही बसेल.

मी शाळेत गेलो. सर वाईट नाहीत. म्हणाले, “साहेब, पोरगी हुशार आहे, पण बोर्डात असं चालत नाही.” मी विचारलं, “चक्रपाणीचं तुम्हाला पटलं का?” तर म्हणाले, “पटायचा प्रश्न नाही, ते अपेक्षित नाही.”

अपेक्षित नाही! अहो, मग कविता शिकवता कशाला? गंगाखेड आपल्याच जिल्ह्यात आहे. गंगेच्या, म्हणजे आपल्या गोदावरीच्या काठावर जनाबाईचं मंदिर आहे, तुम्ही तिथं दरवर्षी सहल नेता, पोरांना रांगेनं पाया पडायला लावता. आणि तिची एक ओळ एका पोरीनं नीट वाचली तर तीन मार्क कापता? शीर्षकं टाकली नाहीत म्हणून एक कापा, मी काही बोलणार नाही. पण ‘मुद्दे नाहीत’ लिहिण्याआधी ते उत्तर वाचायचं तरी होतं. तुम्ही ते वाचलेलं नाही, शीर्षकं मोजलीत. पेपरांचा गठ्ठा मोठा असतो, निवडणुकीचं काम असतं, सगळं मान्य. तरी दहाच ओळी होत्या.

आणि पालकांनो, सरांवर सगळं ढकलून मोकळे होऊ नका. “एवढं डोकं लावायला कुणी सांगितलं, गाईडातलं लिहायचं ना” हे त्या पोरीला घरात आधी तिच्या बापानं ऐकवलं, सरांनी नंतर. आज सकाळी पालकांच्या ग्रुपवर सगळ्या कवितांच्या तयार रसग्रहणांची पीडीएफ फिरतेय, खाली हात जोडलेली चित्रं. ज्यांनी टाकली आणि ज्यांनी हात जोडले, त्यातल्या एकानं तरी ती कविता एकदा मोठ्यानं म्हटली का? मला ती पीडीएफ पाठवू नका.